घाटात गाडी तापते, ती नेमकी केव्हा?

पाऊस सरायला लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. चातुर्मास संपल्यावर गाडीनं नर्मदा परिक्रमेला निघणारे जागे होतात आणि वर्षभर झाकून ठेवलेली व्हॅन बाहेर काढतात. म्हणून या वेळी बाकीची पत्रं मागे ठेवून फक्त जुन्या कॅम्पर व्हॅनची घेतली आहेत. लांब होती, ती कापावी लागली.

नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की इंदूरला पोलोग्राउंडकडे माझ्या सासऱ्यांचं डिझेल गाड्यांचं गॅरेज होतं. मी हिशेबाला बसायचे. मिस्त्री गाडीखाली आणि मी गाडीवाल्यासमोर, अशी वाटणी होती. त्यामुळे पाना हातात येण्याआधी प्रश्न विचारायची सवय लागली, आणि ती अजून सुटलेली नाही.

काकू, आम्ही दोघंही निवृत्त. मागच्या वर्षी एक जुनी डिझेल व्हॅन घेतली. आत पलंग, ओटा, सिंक, पाण्याची टाकी, सगळं बसवलेलं आहे. सपाट रस्त्यावर छान चालते. पण महेश्वरहून जाम घाटानं महूकडे चढताना काटा लालमध्ये गेला. एका मिस्त्रीनं रेडिएटर बदला म्हटलं. दुसरा म्हणाला, "साहब, हेड गया." तिसऱ्यानं थर्मोस्टॅट काढून टाकला आणि पैसेसुद्धा घेतले नाहीत. आता सपाटीवर काटा अर्ध्याच्याही खाली राहतो, अ‍ॅव्हरेज पडलं आहे, आणि घाटात तर पहिल्यापेक्षा लवकर तापते. कार्तिकात ओंकारेश्वरहून परिक्रमा उचलायची आहे. हेड उघडू का?
*एक वाचक, सुदामानगर, इंदूर*

नका उघडू. निदान आत्ता तरी नाही. हेड म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरांवरचं झाकण.

तिघांनीही गाडी पाहिली, पण ती केव्हा तापते हे त्यांनी तुम्हाला विचारलेलं दिसत नाही. पत्रात मात्र तुम्ही ते न विचारता लिहिलंत: सपाटीवर ठीक, चढावर गरम. निम्मं निदान इथेच झालं.

राजवाड्याच्या गर्दीत उभ्या उभ्या तापणारी आणि मोकळ्या रस्त्याला लागली की निवणारी गाडी असेल, तर दोष पंख्याकडे असतो. फॅन बेल्ट ढिला असेल, पंख्याचा क्लच सरकत असेल, किंवा पंख्याभोवतीचं प्लॅस्टिकचं कडं कुणीतरी काढून ठेवलं असेल. चालत्या गाडीला समोरून वारा मिळतो, त्यामुळे तिथे पंख्याची उणीव झाकली जाते. सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर पाच-सात मिनिटांतच वरचा होज पाइप दगडासारखा कडक होत असेल, रेडिएटरमध्ये सारखे बुडबुडे येत असतील, पाणी कुठेही न गळता कमी होत असेल किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साका दिसत असेल, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे हेड आणि इंजिन यांच्यामधल्या पातळ पत्र्याचा, संशय घ्यावा. यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही. होजची परीक्षा उद्या सकाळी स्वतः करा, फुकट आहे.

तुमची गाडी तिसऱ्या जातीची आहे. ओझं पडलं की तापणारी. म्हणजे इंजिन जेवढी उष्णता तयार करतं, तेवढी रेडिएटर बाहेर टाकू शकत नाही. इंदूरकडच्या जुन्या गाड्यांत याचं पहिलं कारण पाणी. बोअरिंगचं जड पाणी वर्षानुवर्षं ओतलं जातं, त्याचा क्षार नळ्यांत बसतो आणि रेडिएटरचा बराच भाग नुसता शोभेला उरतो. हे कळायला रेडिएटर उतरवावा लागत नाही. लांबून तापमान दाखवणारं पिस्तुलासारखं थर्मामीटर मिळतं, ते आणा. गाडी नीट गरम करा, इंजिन बंद करा, पंखा थांबू द्या आणि मग रेडिएटरच्या जाळीवर वरून खाली, डावीकडून उजवीकडे ते फिरवत जा. गरम भागाच्या मध्येच थंड पट्टा सापडला, तर तिथल्या नळ्या बंद आहेत. त्याच थर्मामीटरनं थर्मोस्टॅटच्या घराजवळचं तापमान मोजून काट्याशी ताडून बघा. जुन्या गाडीचा काटा खोटं बोलतो, वायरिंगचं अर्थिंग खराब असलं की हमखास. जाळीत बाहेरून धूळ आणि किडे अडकले असतील तर इंजिनाच्या बाजूनं पुढे, कमी दाबाचं पाणी मारायचं. सर्व्हिस सेंटरचा जोरदार पाइप मारलात तर पत्र्या आडव्या होतील.

आता थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी गरम होईपर्यंत रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारी झडप. आपल्याकडे तो काढून फेकणं ही जुनी खोड आहे, आणि पैसे न घेता काढला म्हणून ते काम उपकाराचं होत नाही. तो नसला की इंजिनाला हवी ती ऊब मिळत नाही, डिझेल नीट जळत नाही, अ‍ॅव्हरेज पडतं आणि सिलिंडरची झीज वाढते. तुमचा अर्ध्याखाली राहणारा काटा तेच सांगतोय. घाटात आधीपेक्षा लवकर का तापते, याचं उत्तरही बहुधा इथेच आहे. पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅट दोन कामं करतो. गरम झाल्यावर रेडिएटरकडची वाट उघडतो आणि त्याच वेळी मागची आडवाट, म्हणजे बायपास, बंद करतो. तोच काढला की आडवाट कायम उघडी. थोडं गरम पाणी रेडिएटरला न शिवताच परत इंजिनात जातं. सपाटीवर हे खपून जातं, घाटात नाही.

नवा थर्मोस्टॅट आणलात की बसवण्याआधी दोऱ्याला टांगून पाण्याच्या पातेल्यात तापवून बघा. त्याच्यावर अंश कोरलेले असतात, त्याच्या आसपास उघडायला लागला आणि उकळीपर्यंत पूर्ण उघडला पाहिजे. पातेलं चहाचं घेऊ नका, घरात वाद होतात.

रेडिएटरचं झाकणही बदला. स्वस्त वस्तू म्हणून कुणी त्याच्याकडे बघत नाही. पण दाबाखालचं पाणी १०० अंशांना उकळत नाही. साधारण ०.९ बार दाब धरणारं झाकण असेल, तर साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर चिरलं की ही सगळी सवलत गेली, आणि मग काटा लालला टेकायच्या आधीच पाणी बाहेर. पाण्याऐवजी कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा.

आता ओझ्याचं. टाकी किती लिटरची आहे ते तुम्ही लिहिलं नाही. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. त्यात पलंग, प्लायवूडची कपाटं, बॅटरी, गॅस सिलिंडर आणि आपण परिक्रमेला नेतो ते इतर पंधरा लोकांना पुरेल एवढं लोणचं-पापड. इंजिन तेच, वजन मात्र दुसऱ्याच गाडीचं. घाट चढताना टाकी भरून नेण्याची गरज नाही, पाणी वर पोहोचल्यावरही मिळतं. एकदा सगळं सामान भरून गाडी धर्मकाट्यावर चढवा आणि आरसी बुकातल्या वजनाशी ताडून बघा. बहुतेकांचे चेहरे तिथे उतरतात. ब्रेक मोकळे फिरतात का, हेही जॅक लावून पाहा; एक चाक चिकटत असलं तरी इंजिन घाटभर त्याच्याशी झगडत बसतं.

चढताना तिसऱ्यात गुरगुरत राहू नका. आधीच दुसरा टाका आणि इंजिन मोकळं फिरू द्या. पंखा आणि वॉटर पंप इंजिनाबरोबरच फिरतात, इंजिन रेंगाळलं की तेही रेंगाळतात. काटा वर सरकायला लागला की एसी बंद करा आणि हीटर पूर्ण उघडा. मे महिन्यात बायको काय म्हणेल ते म्हणेल, पण हीटर हा एक छोटा रेडिएटरच असतो. तरी चढला, तर लालला टेकायच्या आधी कडेला घ्या आणि इंजिन दोन-तीन मिनिटं तसंच चालू ठेवा. वाफ फुसफुसत असेल किंवा बेल्ट तुटला असेल तर मात्र लगेच बंद. झाकणाला अर्धा तास हात लावायचा नाही. कितीही जाड फडकं घेतलं तरी नाही. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतणं म्हणजे जे हेड आजवर शाबूत होतं, ते स्वतःच्या हातानं तडकवणं.

परिक्रमेपुरतं एक आणखी. ओंकारेश्वरहून दक्षिण तटानं निघाल की बडवानी, पुढे शहादा. इंदूर राहिलं नदीच्या पलीकडे, आणि नर्मदा ओलांडायची नाही हा तर नियम. बडवानीला बेल्ट तुटला तर खलघाटचा पूल तुमच्यासाठी नाही. सामान घेऊन दुसऱ्या कुणाला तरी पूल ओलांडून यावं लागेल. तेव्हा फॅन बेल्ट, वरचा आणि खालचा होज, दोन-चार क्लिपा, डिझेल फिल्टर, फ्यूज आणि एक हीटर प्लग (थंड इंजिन सुरू होताना सिलिंडरात ऊब देणारा) गाडीतच ठेवा. सामानाचे नंबर कागदावर लिहून घरी भाच्याकडे देऊन ठेवा. फोनवर "तो काळा पाइप" म्हणून सांगितलं की भाचा नेमका दुसराच घेऊन येतो.

काकू, माझी जुनी डिझेल व्हॅन थंडीत सकाळी सुरू व्हायला फार रडवते. सेल्फ जोरात फिरतो, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, शेवटी धडधडत सुरू होते आणि पाच मिनिटांनी काही झालंच नाही अशी चालते. दुपारी एका सेल्फमध्ये सुरू. मिस्त्री डिझेल पंप उतरवू म्हणतो.
*लष्कर, ग्वाल्हेर*

पंपाला हात लावू देऊ नका. दुपारी एका सेल्फमध्ये सुरू होणाऱ्या गाडीचा पंप खराब, असं म्हणणाऱ्याला आधी थोडं थांबवावं.

पांढरा धूर म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचतंय, पण जळत नाहीये. धूर अजिबात नसता, तर डिझेल पोहोचतच नाही, रात्रभर लाइनमध्ये हवा शिरून ते मागे उतरतं, असं म्हटलं असतं. त्याची परीक्षा म्हणजे सेल्फ मारण्याआधी फिल्टरवरचा हँड पंप दहा-बारा वेळा दाबायचा. त्यानं लगेच सुरू झाली तर हवा. तुमच्याकडे धूर आहे, म्हणून संशय हीटर प्लगवर. ग्वाल्हेरची थंडी काही इंदूरसारखी लाडात आलेली नसते, २-३ अंशांपर्यंत उतरते. आणि जुन्या, प्री-चेंबर (डिझेल आधी पेटतं ती छोटी खोली) असलेल्या डिझेल इंजिनाला प्लगच्या उबेशिवाय ती सोसत नाही.

प्लग तपासायला बाहेर काढायची गरज नाही. त्यावरची वायर सोडवा. १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प घ्या, एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं प्लगच्या शेंड्याला. बल्ब पेटला तर प्लग शाबूत, नाही पेटला तर आतली तार तुटली. एक-एक करून सगळे बघा. सगळे शाबूत निघाले तर रिले (प्लगकडे वीज सोडणारा आपोआप चालणारा स्विच), पट्टीचा फ्यूज आणि वायरींची टोकं बघा. फार जुन्या इंजिनांत वेटोळ्या तारेचे प्लग एकामागे एक, माळेसारखे जोडलेले असतात. तिथे एक गेला की सगळेच थंड. पेन्सिलसारखे प्लग असतील तर एक-दोन गेले तरी गाडी कशीबशी सुरू होते आणि दोष लपून राहतो. तुमचं बहुधा हेच.

प्लग बाहेर काढलेत तर भोकातली काजळीही साफ करून घ्या. आणि कुणी हवेच्या पाइपात ईथरचा स्प्रे मारून "देखो, स्टार्ट हो गई" असं दाखवायला लागला तर हात धरा. गरम प्लग आणि ईथर एकत्र आले की स्फोट नको त्या वेळी होतो, आणि पिस्टन फुटल्याचा खर्च स्प्रेवाला देत नाही.

व्हॅन सोसायटीत दोन पावसाळे उभी आहे. मुलगी सुट्टीला येतेय, तिला घेऊन एकतानगरला (पूर्वीचं केवडिया) जायचं आहे. बॅटरी नवी आणली. सेल्फ मारून निघावं का?
*अलकापुरी, वडोदरा*

सेल्फ सगळ्यात शेवटी.

आधी एअर फिल्टरचा डबा उघडा. दोन पावसाळे म्हणजे उंदरांच्या दोन पिढ्या. घरटं असेल तर ते सगळं इंजिनात जाईल. बॉनेटखालच्या वायरी कुरतडल्या आहेत का, तेही टॉर्च घेऊन बघा. ऑइल आणि कूलंट पाहा. डिझेल फिल्टरच्या तळाचा नळ उघडून पाणी काढा. अर्ध्या रिकाम्या टाकीत वडोदऱ्याची दमट हवा वर्षभर पाणी सोडत राहते. निघालेल्या डिझेलला बुरशीसारखा काळा चिकट गाळ असेल तर टाकीच धुवावी लागेल. मग इंजिन बंद ठेवणारी दांडी ओढून किंवा डिझेल सोलेनॉइडची (डिझेल अडवणाऱ्या विजेच्या झडपेची) वायर काढून नुसता सेल्फ फिरवा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत, थोडा थोडा. नंतर सुरू करा.

खरी भीती मला सुरू होण्याची नाही, थांबण्याची आहे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ३ जातीचं ताजं ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओल धरलेल्यासाठी हीच किमान हद्द १४० वर येते. सपाटीवर फरक कळणार नाही, लांब उतारावर ब्रेक तापले की तेलात वाफ होते आणि पेडल एकदम जमिनीला टेकतं. तेव्हा सगळं ऑइल काढून नवं भरा आणि चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा काढा. व्हील सिलिंडरची रबरं इतके दिवस उभ्या गाडीत बहुतेक चिकटतात. पहिल्या दिवशी सोसायटीभोवती दोन-तीन किलोमीटर फिरा, थांबून प्रत्येक चाकाच्या रिमजवळ हात न्या. एक चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागलं तर त्याचा ब्रेक सुटत नाहीये.

टायरची नक्षी नवी दिसत असेल, त्यावर जाऊ नका. बाजूला शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३२१७ म्हणजे २०१७ सालचा बत्तिसावा आठवडा. एवढं जुनं रबर उन्हात, वजनाखाली, एकाच जागी उभं राहिलेलं असलं तर मुलीला बसवून हायवेला लागू नका. टायर आधी, एकतानगर नंतर.

रात्री आतला पंखा आणि छोटा फ्रिज चालवला की सकाळी सेल्फ नुसता टिक टिक करतो. मोठी बॅटरी बसवू का?
*विजयनगर, इंदूर*

मोठी नको, दुसरी बसवा. पंखा-फ्रिजची वेगळी आणि सेल्फची वेगळी. मध्ये असा रिले लावा, की इंजिन चालू असतानाच दोन्ही जोडल्या जातील. दोन्ही बॅटऱ्यांजवळ जाड वायर आणि फ्यूज हवाच, नुसती जाड वायर म्हणजे आगीची सोय. घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी आणून पलंगाखाली ठेवणार असाल तर लक्षात घ्या, चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते. ती बंद पेटीत ठेवा आणि पेटीची नळी गाडीबाहेर काढा. साधा मल्टिमीटर घेऊन ठेवा: गाडी काही तास उभी राहिल्यावर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसत नसेल तर बॅटरीला दोष देऊ नका, अल्टरनेटर बघा.

काकू, मला ती फोटोत दिसते तशी गोल तोंडाची जुनी फोक्सवॅगन व्हॅन घ्यायची फार इच्छा आहे. की देशी घ्यावी?
*एक तरुण वाचक, इंदूर*

फोटो काढायचे असतील तर फोक्सवॅगन. सुंदर गाडी आहे, १९५० साली आली आणि ब्राझीलमध्ये तर २०१३ पर्यंत बनत होती. जुन्यांचं इंजिन मागे असतं आणि हवेनं गार होतं, म्हणजे वर ज्या रेडिएटरबद्दल एवढं लिहिलं, तो तिला नाहीच. पण खरगोनच्या बसस्टँडजवळचा मिस्त्री तिच्याभोवती दोन फेऱ्या मारेल, पुढे बॉनेट शोधेल, इंजिन कुठे गेलं म्हणून विचारेल आणि चहा मागवेल.

बजाज टेम्पोनं १९८७ साली ट्रॅव्हलर आणली. पुढे २००५ साली कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं. ही गाडी आपल्या पीथमपूरलाच बनते. शाळा, लग्नं, रुग्णवाहिका, सगळीकडे तीच धावते, त्यामुळे तिचा बेल्ट तालुक्याच्या गावातही मिळतो. हौसेला नाही म्हणत नाही मी. फक्त बंद पडलेल्या गाडीत रात्र काढायची तयारी ठेवा, पलंग तर आतच आहे.

व्हॅनमध्ये स्वयंपाक करताना गॅसचा वास येतो, खिडक्या उघड्या ठेवल्या तरी जात नाही. इंजिनाचा तर नसेल?
*एक वाचक भगिनी, देवास रोड, इंदूर*

ताई, इंजिनाचा नाही, आणि खिडकीनं तो जाणारही नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली उतरतो आणि पलंगाखाली साचून राहतो. खिडकी असते वर. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला जमिनीलगत, थेट गाडीखाली उघडणारं भोक लागतं, आणि आतल्या बाजूनं तो कप्पा घट्ट बंद असावा लागतो. तुमच्याकडे हे भोक कुणीतरी धूळ येते म्हणून बुजवलं असेल, तर ते उघडा. रबरी नळी बदला. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बघा. काडी लावून तपासणारा कुणी भेटला तर त्याला गाडीपासून लांब उभं करा. वास येत असेपर्यंत आतला एकही स्विच दाबायचा नाही, सेल्फसुद्धा नाही. दारं उघडून सगळ्यांना खाली उतरवायचं. आणि गाडी रस्त्याला लागली की रेग्युलेटर बंद, मग घाट असो की सपाट.